वीस टेबलांचे सीए कार्यालय थिन क्लायंटवर नेताना : एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूर, सांगली, सोलापूरसारख्या शहरांत बाजारपेठेतल्या इमारतींच्या दुसऱ्या मजल्यावर जी सीए कार्यालये असतात, त्यांपैकीच हे एक. दोन भागीदार, आर्टिकलशिप म्हणजे सीएचे प्रशिक्षण करणारी मुले-मुली (‘आर्टिकल’), हिशेबनीस आणि मराठी टायपिंगचे एक टेबल, अशी एकूण वीस टेबले. नावगाव देत नाही, कारण हे कार्यालय नमुना म्हणून घेतले आहे. याच अडचणी घेऊन बसलेली कार्यालये प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

वीसपैकी चौदा पीसी इंटेलच्या चौथ्या ते सहाव्या पिढीतले, ४ जीबी रॅमचे आणि अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालणारे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हे चौदा पीसी त्यात बसत नाहीत. उरलेले सहा बसतात. टॅलीचा सगळा डेटा ‘सर्व्हर’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या एका साध्या विंडोज प्रो पीसीवर शेअर केलेला आहे. विंडोज प्रोवर एका वेळी बाहेरून जास्तीत जास्त वीस जोडण्या चालतात, आणि एकोणीस टेबले व एक स्कॅनर मिळून हे कार्यालय त्या मर्यादेला टेकलेले आहे. टॅली हळू चालते ही रोजची तक्रार. त्याचे कारण टॅलीत नसून मांडणीत आहे: प्रोग्रॅम प्रत्येक टेबलावर चालतो आणि डेटा फाइल वायरवरून ओढत राहतो. मध्ये १०/१०० एमबीपीएसचे, म्हणजे जुन्या संथ वेगाचे, दोन स्विच एकाला एक जोडलेले.

चौदा नवे पीसी घ्यायचे, की सगळ्यांचे काम एका सर्व्हरवर नेऊन टेबलावर फक्त थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरवरचे काम पडद्यावर दाखवणारा छोटा डबा, ठेवायचा, हा प्रश्न.

आधी खर्चाचे सांगून टाकू, कारण विक्रेते इथे हात आखडता घेतात. पहिल्या वर्षी थिन क्लायंटची मांडणी स्वस्त पडत नाही. टेबलामागे जे वाचते ते सर्व्हर, लायसन्स आणि यूपीएस खाऊन टाकतात. फायदा पुढच्या सहा-सात वर्षांत दिसतो. चौदा ठिकाणी वेगवेगळे विंडोज सांभाळावे लागत नाही, अँटिव्हायरस आणि टॅलीची नवी आवृत्ती एकदाच टाकायची असते, आणि अशिलाच्या फायली कुठल्याही टेबलाच्या डिस्कवर उरत नाहीत. आठ-दहा टेबलांच्या आतल्या कार्यालयाने या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे एक चांगला फाइल सर्व्हर आणि नवे पीसी हेच योग्य.

सेशन की स्वतंत्र डेस्कटॉप

‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एका प्रकारात सर्व्हरवर प्रत्येक माणसासाठी विंडोज ११ चे वेगळे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला पीसी, असते. दुसऱ्यात एकच विंडोज सर्व्हर असतो आणि त्यावर प्रत्येकाचे स्वतंत्र सेशन, म्हणजे ज्याचा त्याचा पडदा, उघडते. हा दुसरा प्रकार म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस.

टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि पीडीएफ एवढेच काम असलेल्या कार्यालयाला सेशन पुरते. वेगळ्या मशीनच्या पद्धतीत वीस विंडोज, वीसदा अपडेट आणि प्रत्येकी ६ ते ८ जीबी रॅम लागते. शिवाय थिन क्लायंटवरून विंडोज ११ वापरायला मायक्रोसॉफ्टचे व्हीडीए हे वर्षागणिक भरायचे लायसन्स घ्यावे लागते. सेशन पद्धतीत हे काहीच नाही. पण सेशनमध्ये सगळे जण एकाच यंत्रात बसलेले असतात, आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी अडचण त्यातूनच निघते. ती पुढे सविस्तर येईल.

आणखी एक तिसरी वाट गल्लोगल्ली सुचवली जाते: साध्या विंडोज १० किंवा ११ वर एक छोटा पॅच टाकून अनेकांना आत घ्यायचे. हे लायसन्सच्या अटींचे उल्लंघन तर आहेच, पण विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर सकाळी कोणीच आत शिरू शकत नाही. कर कार्यालयाने हे करू नये.

मोजमाप २० तारखेचे

सर्व्हर किती मोठा हवा हे सरासरी दिवसावरून ठरवले की फसगत ठरलेली. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची ११ तारीख, कर भरायच्या ३बी ची २० तारीख, टीडीएस भरण्याची ७ तारीख आणि जुलै ते ऑक्टोबरचा रिटर्न व ऑडिटचा हंगाम, हे दिवस मोजायचे. २० तारखेला एका टेबलावर काय उघडे असते? टॅलीच्या दोन कंपन्या, २बी (खरेदीवरच्या कर-वजावटीचे पत्रक) जुळवणीच्या दोन-तीन जड एक्सेल फायली आणि ब्राउझरचे दहाबारा टॅब. यात सगळ्यात जास्त रॅम खातो ब्राउझर. टॅली फार थोडी घेते. अशा टेबलाला ३.५ जीबी धरले तर कमी पडत नाही.

सहीच्या दोन टेबलांना वगळून (ती का वेगळी ते पुढे) एका वेळी जास्तीत जास्त अठरा सेशन. १८ गुणिले ३.५ म्हणजे ६३ जीबी, त्यात विंडोजचे स्वतःचे ८, झाले ७१. सेशन मशीनला ९६ जीबी दिली. ही रॅम स्थिर ठेवायची. हायपर-व्ही या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतली डायनॅमिक मेमरी, म्हणजे गरजेप्रमाणे रॅम कमी-जास्त करणे, इथे बंद, कारण सकाळी दहाला सगळे एकदम लॉगिन करतात आणि नेमक्या त्या वेळी मेमरी वाढवत बसणारे मशीन अडखळते. डोमेन आणि फायलींच्या वेगळ्या व्हर्च्युअल मशीनला १२ जीबी, यजमान हायपर-व्हीला ८. बेरीज ११६, म्हणून खरेदी १२८ जीबीची.

प्रोसेसरचे गणित लायसन्सने सोपे केले आहे. विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड किमान १६ कोअरचे घ्यावेच लागते, सर्व्हरमध्ये आठच कोअर असले तरी. पैसे १६ चे भरायचेच असतील तर प्रोसेसरही १६ कोअरचा घ्यावा. याच लायसन्सवर दोन व्हर्च्युअल मशीन चालतात. अट एवढीच की खालच्या यजमान विंडोजवर ती मशीन चालवण्याखेरीज दुसरे काम ठेवायचे नाही. पहिल्या मशीनवर डोमेन (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी व्यवस्था), लायसन्स सर्व्हर आणि फायली. दुसऱ्यावर फक्त सेशन. डोमेन कंट्रोलरवरच वीस माणसे बसवणे चालते, पण करू नये. आर्टिकलच्या सेशनमध्ये शिरलेला व्हायरस आणि कार्यालयाच्या सगळ्या पासवर्डांचे कोठार एकाच घरात राहता कामा नये.

डिस्क म्हणून १.९२ टीबीच्या दोन एसएसडी, रेड १ मध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर. त्या सर्व्हरसाठीच्या, वीज अचानक गेली तरी हातातले लिखाण पूर्ण करणाऱ्या. दुकानातली साधी लॅपटॉपची एसएसडी इथे लवकर दमते.

टॅलीचा डेटा फायलींच्या मशीनवर आणि टॅली सेशन मशीनवर, अशी विभागणी केली तरी दोघांमधली वाहतूक सर्व्हरच्या आतल्या व्हर्च्युअल स्विचवरूनच होते, बाहेरच्या केबलला स्पर्शही करत नाही. टॅलीच्या वेगात सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडतो. टॅलीचे लायसन्स मात्र गोल्ड, म्हणजे अनेकांसाठीचे, हवे. एकट्या माणसाचे सिल्व्हर सेशन सर्व्हरवर चालवायला घेऊ नये.

लायसन्सच्या चार जागा

इथे चूक झाली तर ती महिन्यांनी उघडी पडते, म्हणून थोडे थांबून.

विंडोज सर्व्हरचे कॅल (सर्व्हर वापरण्याचा परवाना) आणि रिमोट डेस्कटॉपचे कॅल ही दोन वेगळी लायसन्स आहेत आणि दोन्ही लागतात. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा एकच दिसते. रिमोट डेस्कटॉपचे कॅल माणसागणिक घ्यायचे की यंत्रागणिक, हे कामाच्या पद्धतीवर. एकाच टेबलावर दोन पाळ्या चालत असतील तर यंत्रागणिक स्वस्त. इथे पाळी एकच, आणि भागीदार घरच्या लॅपटॉपवरूनही जोडतात, म्हणून माणसागणिक वीस. माणसागणिक कॅलला डोमेन लागते. डोमेन न करता वर्कग्रुपमध्येच हे कॅल लावले तर सर्व्हर २०१९ पासून पुढे प्रत्येक सेशन साठ मिनिटांनी तुटते. लोक नेटवर्कला दोष देत बसतात आणि कारण लायसन्समध्ये असते.

लायसन्स सर्व्हर न जोडताही रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस १२० दिवस बिनबोभाट चालते. बसवणारा तंत्रज्ञ ‘सगळे चालू आहे’ म्हणून बिल घेऊन जातो आणि चार महिन्यांनी एका सकाळी कोणालाच आत घेतले जात नाही. म्हणून कॅल पहिल्याच दिवशी टाकायचे, आणि आरडी लायसन्सिंग डायग्नोझर उघडून त्यात एकही इशारा नाही हे डोळ्यांनी बघून मगच काम झाले असे मानायचे.

चौथी जागा ऑफिसची. नव्या लॅपटॉपबरोबर येणारे होम अँड बिझनेस ऑफिस सेशन सर्व्हरवर चालत नाही. एक तर व्हॉल्यूम लायसन्सचे एलटीएससी ऑफिस घ्यायचे, नाहीतर शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन (एकाच यंत्रावर अनेकांनी वापरण्याची मुभा) असलेली मायक्रोसॉफ्ट ३६५ ची योजना. ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये ती सोय आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. नावे इतकी सारखी आहेत की खरेदीत हमखास घोळ होतो.

सगळ्यांचा १२७.०.०.१ एकच

सर्व्हर उभा राहिला, टॅली पळायला लागली, आणि मग पहिला अडसर येतो डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचा. कंपन्या आणि एलएलपी यांना जीएसटी पोर्टलवर डिजिटल सहीशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळे ही अडचण बाजूला ठेवता येत नाही.

पहिली सवय अशी की ती सही ज्यात असते ते यूएसबी टोकन थेट सर्व्हरलाच लावून ठेवायचे, म्हणजे सगळ्यांना मिळेल. सेशनमधून ते दिसतच नाही. टोकन हे विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड आहे, आणि रिमोट सेशनमध्ये स्मार्ट कार्डाची सगळी विचारणा आपोआप टेबलावरच्या यंत्राकडे वळवली जाते. सर्व्हरच्या मागे लावलेले टोकन सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर दिसते, सेशनमध्ये नाही. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. म्हणून टोकन टेबलावरच्या थिन क्लायंटलाच लावायचे, त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवर टाकायचा आणि थिन क्लायंटच्या जोडणीत स्मार्ट कार्ड रिडायरेक्शन चालू करायचे. टोकन सीसीआयडी या प्रमाणित प्रकारचे असले तर लिनक्सवर चालणारा थिन क्लायंटही ते पुढे पाठवतो. इतके केले की पीडीएफवर सही होते.

पोर्टलवरची सही तरीही नीट होत नाही. जीएसटी पोर्टल थेट टोकनशी बोलत नाही. ते ब्राउझरला सांगते की १२७.०.०.१ वर, म्हणजे याच यंत्रावर, १५८५ या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) एमसाइनर हा सहीचा प्रोग्रॅम ऐकत बसला आहे, त्याच्याकडून सही आण. पीसीवर यात अडचण नाही, कारण प्रत्येक पीसीचा १२७.०.०.१ वेगळा. सेशन सर्व्हरवर अठरा माणसे असली तरी यंत्र एक, आणि म्हणून १२७.०.०.१ ही एकच. पहिल्या माणसाने एमसाइनर उघडला की पोर्ट त्याच्या ताब्यात गेले. दुसऱ्याचा एमसाइनर सुरू होत नाही. याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचा ब्राउझर त्याच पत्त्यावर जाऊन पहिल्याच्या एमसाइनरशी बोलू लागतो, आणि पहिल्याच्या टेबलावरच्या टोकनची प्रमाणपत्रे मागतो. सहीच्या बाबतीत अशी सरमिसळ कार्यालयाला परवडणारी नाही. त्यात एमसाइनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायला सांगितला जातो, आणि सेशन सर्व्हरवर आर्टिकलला ॲडमिन अधिकार देणे म्हणजे सर्व्हरच्या किल्ल्या देणे.

विंडोज सर्व्हरमध्ये प्रत्येक सेशनला वेगळा आयपी देण्याची सोय आहे, पण ती बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी, १२७.०.०.१ च्या गर्दीवर तिचा उपाय नाही. म्हणून इथे वाद घालत न बसता दोन पूर्ण पीसी ‘सहीचे टेबल’ म्हणून वेगळे काढले. विंडोज ११ ला चालणाऱ्या सहा पीसींतले दोन त्यासाठी ठेवले. टोकन तिथेच लागतात, पोर्टलही तिथल्याच ब्राउझरमध्ये उघडते, आणि तयार फायली फाइल सर्व्हरच्या मॅप केलेल्या ड्राइव्हवरून तिथे दिसतात. टोकनांची पेटी त्या टेबलाच्या कुलपात, आणि कोणाच्या नावाचे टोकन कधी काढले याची साधी वही. ही शिस्त थिन क्लायंट नसला तरी असायलाच हवी होती.

हाच एका यंत्राचा प्रश्न आणखी दोन ठिकाणी भेटतो. टॅली सुरू होताना ९००० हे पोर्ट घेऊ पाहते. पहिल्याच्या टॅलीला ते मिळते, नंतरच्यांना पोर्ट वापरात असल्याचा संदेश येतो. ज्यांना एक्सेलमधून टॅलीत नोंदी ढकलायचे टूल वापरायचे नसते, त्यांच्याकडे ही सोय बंदच करायची. ज्यांना लागते त्यांना ९००१, ९००२ असे ठरवून दिलेले वेगळे पोर्ट, आणि प्रत्येकाला सेटिंगची वेगळी फाइल. सगळ्यांनी एकच टॅली डॉट आयएनआय वापरली तर एकाने बदललेला पोर्ट किंवा डेटाचा मार्ग उद्या सगळ्यांचा बदलतो. चुकीच्या पोर्टवर गेलेल्या नोंदी दुसऱ्याच्या उघड्या कंपनीत जाऊन पडू शकतात, म्हणून पोर्टचा तक्ता भिंतीवर लावून ठेवावा.

जीएसटीचे ऑफलाइन टूलही ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ वरच उघडते. ते सहीच्या टेबलांवर आणि सहापैकी उरलेल्या चार पीसींवर ठेवले, सेशन सर्व्हरवर नाही. टीडीएसचे विवरणपत्र तयार करणाऱ्या आरपीयू या टूलला जावा हे सॉफ्टवेअर लागते, आणि सेशन सर्व्हरवर जावाची आवृत्ती सगळ्यांना एकच. ती कोणी परस्पर बदलू नये म्हणून प्रोग्रॅम बसवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे.

टेबलांची पाहणी करताना म्हणूनच ‘कोणते सॉफ्टवेअर वापरता’ एवढे विचारून भागत नाही. त्या पीसीला मागे कोणकोणत्या वायरी लागल्या आहेत, आणि कोणता प्रोग्रॅम ब्राउझरशी आतून बोलतो, हे दोन प्रश्न प्रत्येक टेबलापाशी उभे राहून विचारायचे. थिन क्लायंटचा प्रकल्प फसतो तो बहुधा या दोन उत्तरांवर.

मराठी टायपिंगच्या टेबलावर युनिकोडपूर्व फाँटचे जुने सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल (पीसीला लावायची लायसन्सची किल्ली) आहे. असे अनेक डोंगल रिमोट सेशन ओळखतात आणि चालायला नकार देतात. ते टेबलही पूर्ण पीसीवरच राहिले. बाकीच्यांना युनिकोड मराठी लागते. त्यासाठी मराठी कीबोर्ड सर्व्हरवर टाकला. लिनक्सचा थिन क्लायंट जोडताना आपला इंग्रजी लेआउट पुढे रेटतो आणि मराठी कीबोर्ड यादीतून गायब झाल्यासारखा वाटतो. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत कीबोर्ड लेआउटच्या खाली ‘इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट’ ही किंमत १ केली की तो त्रास थांबतो.

टेबलावरचा डबा

चौदा थिन क्लायंट आणि एक शिल्लक, असे पंधरा. पंखा नसलेले, चार कोअर, ४ जीबी रॅम, १६ किंवा ३२ जीबी फ्लॅश, गिगाबिट पोर्ट, मॉनिटरच्या मागे बसणारे. मागणी नोंदवण्यापूर्वी मॉनिटर बघायचे. बऱ्याच थिन क्लायंटला फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, आणि कार्यालयात अर्धे मॉनिटर व्हीजीएचे निघतात. प्रत्येकाला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि तो कोटेशनमध्ये नसतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले थिन क्लायंट फार कमी भावात मिळतात. ते मोहात पाडतात. पण जुन्या फर्मवेअरमध्ये टीएलएस १.२ हे एन्क्रिप्शन नसते, सेशन उघडण्यापूर्वी ओळख तपासणारे नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनही नसते, आणि आजचा सर्व्हर त्यांना दारातच थांबवतो. मग तंत्रज्ञ सर्व्हरवरचे हे ऑथेंटिकेशन बंद करून ‘जोडून’ देतो. अठरा माणसांचे दार त्या एका स्वस्त डब्यासाठी सैल करायचे नाही. वापरलेले घ्यायचेच असतील तर ज्यांचे फर्मवेअर अजून निघते तेच, आणि आधी एक आणून जोडून बघून.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात हमखास येणारी तक्रार: कालपर्यंत चाललेला थिन क्लायंट आज प्रमाणपत्र नाकारतो. बहुतेक वेळा घड्याळ चुकलेले असते. वीज जाऊन आली, आतली बॅटरी नाही किंवा संपली, तारीख कित्येक वर्षे मागे गेली, आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी ‘अजून सुरूच झालेले नाही’. सगळ्यांना वेळ सर्व्हरवरून घ्यायला लावले की हे मिटते.

वायरिंगवर लोक गरजेपेक्षा जास्त आणि चुकीच्या जागी खर्च करतात. साध्या कार्यालयीन कामाच्या एका सेशनला साधारण १०० ते ३०० केबीपीएस लागतात, म्हणजे अठरा जणांचे मिळून पाचसहा एमबीपीएस. वेगाची टंचाई नाहीच. त्रास होतो तो ढिल्या क्रिंपिंगचा. पीसीवर फाइल उघडताना दोन पॅकेट हरवली तर कोणाला कळत नाही. थिन क्लायंटवर तोच पडदा गोठतो आणि टाइप केलेली अक्षरे मागून एकदम उमटतात. म्हणून प्रत्येक पॉइंटवरून सर्व्हरला एक हजार पिंग (चाचणीची पॅकेट), आणि एकही हरवता कामा नये. हरवले तर आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे लावायचे, केबल त्यानंतर बदलायची. जुने दोन स्विच काढून २४ पोर्टचा एक गिगाबिट स्विच लावला, आणि तसाच एक साधा स्विच कपाटात ठेवला. पूर्वी स्विच बंद पडला तर इंटरनेट जायचे. आता कार्यालयच बंद होते.

प्रिंटर जितके नेटवर्कवर तितके बरे. लेसर मल्टिफंक्शनला स्थिर आयपी देऊन सर्व्हरवर एकदाच जोडला. थिन क्लायंटच्या यूएसबीला लावलेला प्रिंटर सेशनमध्ये आणायला लिनक्सवर विंडोजची इझी प्रिंट ही ड्रायव्हरविना छपाईची सोय चालत नाही, ड्रायव्हर सर्व्हरवर टाकावा लागतो, आणि एका सवंग ड्रायव्हरने स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) पाडला की अठराही जणांची छपाई थांबते. डॉट मॅट्रिक्स म्हणून एका छोट्या प्रिंट सर्व्हर डब्याला लावून ९१०० पोर्टवर घेतला.

स्कॅनिंग सेशनमध्ये आणायच्या फंदातच पडू नये. मल्टिफंक्शनने स्कॅन थेट शेअर फोल्डरमध्ये टाकावा. इथे एक खोच आहे. जुनी मल्टिफंक्शन यंत्रे फक्त एसएमबी १ (फाइल शेअर करण्याचा जुना, असुरक्षित प्रोटोकॉल) बोलतात आणि सर्व्हर २०२२ वर ते मुळातच बंद असते. स्कॅन जात नाही म्हणून कोणीतरी सर्व्हरवर एसएमबी १ चालू करून देते. असे करू नये. यंत्राचे फर्मवेअर बदलावे, नाहीतर स्कॅन एफटीपीने किंवा ईमेलने पाठवावा.

लाइट जाते तेव्हा

या मांडणीचे खरे मोल लहान शहरात लाइट गेल्यावर कळते. सर्व्हर २५० वॅट, स्विच, राउटर, फायबरचा डबा आणि नॅस (बॅकअपचा नेटवर्कवरचा डबा) मिळून आणखी शंभराच्या आत. एवढ्यांना २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस. टेबलावर थिन क्लायंट आणि मॉनिटर मिळून ३० वॅट धरले तर चौदांचे ४२० वॅट होतात, ते जुना इन्व्हर्टर सहज ओढतो. इन्व्हर्टरवर जाताना थिन क्लायंट क्षणभर बंद होऊन परत चालू झाला तरी सेशन सर्व्हरवर जसेच्या तसे उभे असते. परत लॉगिन केले की अर्धवट भरलेले व्हाउचर समोर.

त्यासाठी तुटलेले सेशन लगेच संपवायचे नाही. तीन तासांची मुदत ठेवली. कायमचे मोकळे सोडले तर शुक्रवारी लॉगऑफ न करता गेलेल्यांची टॅली आणि ब्राउझर सोमवारपर्यंत रॅम अडवून बसतात. यूपीएसची यूएसबी वायर यजमान सर्व्हरला जोडायची, आणि बॅटरी तीस टक्क्यांवर आली की आधी सेशन मशीन, मग फायलींचे मशीन, शेवटी यजमान, या क्रमाने बंद होण्याची स्क्रिप्ट. ती वायर खोक्यातच राहिलेली असते. बसवून झाल्यावर एकदा मुख्य स्विच पाडून बघावे.

कोणत्या महिन्यात, कोणत्या क्रमाने

जीएसटीआर-९ या वार्षिक विवरणपत्राची ३१ डिसेंबर उलटल्यावर आणि मार्चअखेरची धावपळ सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी. कर कार्यालयाला दुसरा मोकळा काळ नाही.

थिन क्लायंट सगळ्यात शेवटी मागवायचे. आधी सर्व्हर, मग जुन्याच पीसींवरून विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉपने तीन जणांना आत घ्यायचे: सगळ्यात जड एक्सेल वापरणारा, सगळ्यात जास्त प्रिंट काढणारा आणि बदलाला सगळ्यात नाखूश असलेला. या तिघांची एक ११ तारीख आणि एक २० तारीख नीट पार पडली की उरलेले चार-चारच्या गटाने. सगळे स्थिरावले की जुने पीसी उचलून थिन क्लायंट. काही चुकलेच तर परतीची वाट तोवर शाबूत असते. जुन्या चौदा पीसींवर लिनक्स टाकून त्यांनाच कायमचे थिन क्लायंट करता येते, पण त्यांचे पॉवर सप्लाय आणि पंखे जुने झालेले असतात. दोनतीन महिन्यांसाठी ठीक.

ब्राउझरवर डोमेनवरून सगळ्यांना लागू होणाऱ्या ग्रुप पॉलिसीने लगाम लावला: मेमरी सेव्हर सक्तीने चालू, बंद केल्यावर मागे चालू राहणे बंद, हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद, कारण सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रफितीचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओ मीटिंग सेशनमध्ये न करता उरलेल्या पीसींवर किंवा मोबाइलवर.

विंडोजचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येते. हा मंगळवार ८ ते १४ तारखेत पडतो, म्हणजे ११ तारखेच्या आगेमागेच. सेशन मशीनवर आपोआप रीस्टार्ट बंद ठेवून त्यानंतरच्या रविवारी अपडेट टाकायचे. तो रविवार कायम १३ ते १९ च्या दरम्यान येतो, दर महिन्याला ११ च्या नंतर आणि २० च्या आधी. १९ ला आला तर आदल्या रात्रीचा बॅकअप तपासल्याशिवाय हात लावायचा नाही.

घरून काम आणि बॅकअप

भागीदारांना घरून जोडायचे तर राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट बाहेर उघडणे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक उपाय. असे उघडे पोर्ट शोधून पासवर्ड ठोकत बसणारी यंत्रे जगभर दिवसरात्र चालू असतात, आणि रॅन्समवेअरची ती नेहमीची वाट आहे. राउटरवर वायरगार्डचे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट, आणि त्यातूनच आत. घरगुती योजनेच्या ब्रॉडबँडवर बहुधा सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी) असल्याने बाहेरून पोहोचता येत नाही. कंपनीकडून स्थिर आयपी मागून घ्यावा लागतो.

पूर्वी एका पीसीत व्हायरस शिरला तर एक टेबल बसायचे. आता एकाच सेशनमधून त्या माणसाला लिहिता येणारे प्रत्येक फोल्डर जाऊ शकते. म्हणून आर्टिकलला फक्त त्याच्याकडे दिलेल्या अशिलांची फोल्डर, आणि बॅकअपचा नॅस डोमेनच्या बाहेर, त्याचा पासवर्ड सर्व्हरवर कोणाच्याही खात्यात साठवलेला नसावा. फायलींच्या मशीनवर दर तासाला शॅडो कॉपी (फायलींची त्या वेळची प्रत), रोज रात्री दोन्ही मशीनचा पूर्ण बॅकअप नॅसवर, आणि दर शनिवारी आलटून पालटून दोन यूएसबी डिस्कपैकी एक कार्यालयाबाहेर. महिन्यातून एकदा कोणत्याही एका कंपनीचा टॅली डेटा बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये काढून उघडून बघायचा, आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख जुळते का ते पाहायचे.

सर्व्हरचाच बोर्ड गेला तर? कंपनीची ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ची हमी जिल्ह्याच्या गावी सुटा भाग पोचेपर्यंत लांबते. म्हणून उरलेल्या चार पीसींपैकी एकात ६४ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी टाकून ठेवली, आणि नॅसवरचा बॅकअप त्यावर उभा करून बघितला. सेशन मशीनला ४० जीबी देता येते. त्यातून विंडोजचे ८ गेले की दर टेबलाला ३.५ प्रमाणे नऊ जण बसतात. २० तारखेला ते नऊ कोण, याची यादी भागीदारांनी आधीच ठरवून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.